एचडी राहू द्या, रेकॉर्डिंग होतं का ते विचारा

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की बॅग खाली ठेवायच्या आत एक काम वाट बघत असतं. "तू कॉलेजला आहेस ना, मग सांग, कोणता डबा बसवायचा?" घरात नवा टीव्ही आलेला असतो किंवा येणार असतो. चौकातल्या दुकानदारानं एचडीचं सर्वांत महागडं पॅक गळ्यात मारायची पूर्ण तयारी केलेली असते. आणि तुम्ही बीए मराठीला असा की बीएस्सी केमिस्ट्रीला, घरच्यांच्या लेखी तुम्ही इंजिनिअर असता.

नंदुरबार किंवा शहाद्यात राहत असाल तर प्रश्न सोपा आहे. फायबरचं कनेक्शन घ्या, हवं ते हवं तेव्हा बघा, विषय संपला. पण धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या वाटेवरचं एखादं गाव तुमचं असेल तर तिथं गणित वेगळं. मोबाइलवर एचडी व्हिडिओ साधारण पाच मेगाबिटच्या वेगानं येतो असं धरा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तो चालतो बरोबर चाळीस मिनिटं. मालिकेचे दोन भागही धड होत नाहीत, आणि तेही रेंज टिकली तर. म्हणजे सातपुड्यात अजून तरी छत्रीला पर्याय नाही.

आता छत्री म्हटलं की सगळे आधी चॅनेलची यादी बघतात. तुम्ही आधी घराच्या मागचा डोंगर बघा. टीव्हीचे हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. पण सगळे एका जागी नसतात. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ साडेत्र्याण्णव अंशांवर, आणि एअरटेलचा १०८ अंशांच्या जरा पुढं. आपल्या जिल्ह्यातून बघितलं तर पहिल्यासाठी छत्री दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधे वळवावी लागते, दुसऱ्यासाठी थेट आग्नेयेला, आणि तिसऱ्यासाठी आणखी पूर्वेकडे. उंचीचाही फरक पडतो. आपल्याकडून टाटाचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६३ अंश वर आहे, फ्री डिशचा ५७, एअरटेलचा फक्त ४४.

हे आकडे कशाला? तर यासाठी, की ४४ अंशांवरचा उपग्रह पकडायचा असेल आणि त्या दिशेला छत्रीपासून तीस फुटांवर मोहाचं झाड असेल, तर ते छत्रीपेक्षा तीस फूट उंच झालं की सिग्नल अडला. ६३ अंशांसाठी तेच झाड जवळजवळ साठ फुटांचं व्हावं लागेल. दरीत, डोंगराच्या वायव्य उतारावर घर असेल तर कोणती कंपनी हे तुम्ही ठरवायचं नसतं, ते डोंगरानंच ठरवलेलं असतं. मोबाइलमधला कंपास उघडा, छतावर चढा, पाच मिनिटांत कळतं. झाड आत्ता किती आहे यापेक्षा तीन वर्षांनी किती होईल तेही बघा. बसवणारा माणूस दोनशे-तीनशे रुपये घेऊन निघून जातो, झाड मात्र वाढत राहतं.

मग एचडी. एसडी म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०. साधारण पाचपट. ऐकायला भारी वाटतं. पण डोळ्यांचीही एक हद्द असते. ३२ इंची टीव्ही आठ फुटांपलीकडून बघत असाल तर ठिपक्यांमधला हा फरक साध्या नजरेला फारसा कळतच नाही. आणि आपल्याकडे टीव्ही समोरच्या खोलीत, बघणारे ओट्यावर, हे काही नवीन नाही. कंपन्या एसडी चॅनेल फार दाबून पाठवतात, त्यामुळे चित्र पुसट दिसतं आणि एचडी जरा बरं वाटतं, हे खरं. क्रिकेटमध्ये चेंडू नीट दिसतो, हेही खरं. पण त्यासाठी दर महिन्याला जास्त पैसे भरायचे का, हा विचार करा.

आणि एक गोष्ट आजच तपासा. घरी एचडी पॅक आधीपासून असेल तर टीव्हीच्या मागं जाऊन वायर बघा. डब्यातून टीव्हीत जाणारी वायर पिवळी-लाल-पांढरी, तीन पिनांची असेल तर तुमचे बाबा पैसे एचडीचे भरतायत आणि बघतायत एसडी. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. एचडीएमआय केबल लागते. अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या घराला एचडीपेक्षा रेकॉर्डिंगची गरज जास्त आहे. कारण साधं आहे. टीव्ही एक, माणसं सहा, आणि रिमोट नेहमी एकाच हातात. रात्री आठला मालिका लागते तेव्हा आई चुलीजवळ असते. मॅच सुरू असली तर बहिणीचा कार्यक्रम गेलाच. रेकॉर्डिंगचा खरा फायदा त्या माणसाला होतो ज्याच्या हातात रिमोट कधी येत नाही.

ही कल्पना जुनी आहे. सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स रेकॉर्डर आणला तो हेच सांगून, की वेळ टीव्हीवाल्यांनी नाही, तुम्ही ठरवा. हॉलिवूडच्या कंपन्या कोर्टात गेल्या. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की घरी नंतर बघण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग चालतं. आपल्याकडे व्हीसीआर आला तो मात्र वेगळ्याच कामाला. गावात भाड्यानं आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर संपवायचे! तुमच्या काकांना विचारा, कोणते तीन ते अजून पाठ असतील. घरातला कार्यक्रम रेकॉर्ड करायची सवय आपल्याला फारशी लागलीच नाही. पुढं २००८ मध्ये टाटा स्कायनं हार्ड डिस्क असलेला 'प्लस' डबा आणला, नंतर बाकीच्या कंपन्यांनी यूएसबीला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावून रेकॉर्ड करायची सोय दिली.

इथं दुकानदार जे सांगत नाही ते ऐका. कंपनीच्या डब्यात केलेलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. ती हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर काही दिसत नाही. डबा बदलला तर सहसा जुनं रेकॉर्डिंग गेलं. रिचार्ज संपला की साठवलेलंही बऱ्याचदा लागत नाही. मोबाइलमधलं सिम बदलतो तसा डबाही बदलता येत नाही, एका कंपनीचा दुसरीकडे चालत नाही. ट्रायनं २०२० मध्ये शिफारस केली होती की कोणताही डबा कुठेही चालावा, पण घरोघरी अजून जुनंच चाललंय.

याच्या उलट स्वस्तातला फ्री डिशचा डबा. डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. छत्री-डब्याचा एकदाच खर्च, मग महिन्याचं काही नाही. बाजारात फ्री-टू-एअरचे जे डबे मिळतात त्यांतल्या अनेकांना यूएसबी असतं, आणि त्यावर केलेलं रेकॉर्डिंग साध्या फाइलसारखं असतं. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये चालतं. म्हणजे महागडा डबा कुलूप लावतो आणि स्वस्त डबा फाइल हातात देतो. कॉलेजच्या पोरापोरींना हे कामाचं आहे, कसं ते बघा.

त्याच छत्रीवर 'स्वयंप्रभा' चॅनेल फुकट येतात. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या या चॅनेलवर कला, वाणिज्य, विज्ञान, इंजिनिअरिंग अशा विषयांची लेक्चर्स असतात. आयआयटी-पाल नावाचे चॅनेल तर खास जेईईच्या तयारीसाठी आहेत. लहान भावंडांसाठी पीएम ई-विद्याचे 'एक वर्ग, एक वाहिनी' चॅनेल आहेत. भाषा बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी, शिकवणं कधी कधी कंटाळवाणं, हे मान्य. पण डेटा शून्य. स्वयंप्रभाची रचना अशी की रोज चार तासांचं नवं लेक्चर आणि तेच दिवसभरात आणखी पाच वेळा. आपल्या भागात लाइट गेली आणि रेकॉर्डिंग मधेच तुटलं तर चार तासांनी तेच परत लागतं. रात्री दोनचा टायमर लावा, सकाळी पेन ड्राइव्ह खिशात, आठवड्याची लेक्चर्स घेऊन हॉस्टेलला परत. डबा घेताना एवढंच बघा की तो डीव्हीबी-एस२ आणि एमपेग-४ चा आहे. जुन्या एमपेग-२ डब्यात हे सगळे चॅनेल मिळत नाहीत.

फ्री डिशची खोट काय, तेही सांगतो. चित्र बहुतांश एसडी. आणि खासगी चॅनेल लिलावात जागा घेऊन येतात, परवडलं नाही की जातात. १ एप्रिल २०२२ ला मोठ्या कंपन्यांचे बरेच हिंदी करमणुकीचे चॅनेल एका रात्रीत गेले होते. आजीची मालिका गेली की घरात काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. मराठी मालिका चुकवायच्याच नसतील तर पैसे भरायची सेवा लागेल. तिथं २०१९ पासून चॅनेल निवडायचा हक्क तुमचा आहे, शंभर चॅनेलचं पॅक घ्यायलाच हवं असं नाही. चॅनेलच्या किमतीशिवाय नेटवर्क शुल्क आणि वर जीएसटी असतो. या शुल्कावरची कमाल मर्यादा २०२४ मध्ये ट्रायनं काढली, त्यामुळे आता ते प्रत्येक कंपनीत वेगळं असू शकतं. पॅकची किंमत विचारू नका, 'सगळं धरून महिन्याला किती कापणार' ते विचारा.

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी कुटुंबांसाठी आणखी एक प्रश्न आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे जायचं आणि घराला कुलूप. वर्षभराचा रिचार्ज 'स्वस्त पडतो' म्हणून मारला तर त्यातले चार-पाच महिने रिकाम्या घराला टीव्ही दाखवण्यात जातात. अशा घरानं एक तर फ्री डिश घ्यावी, नाही तर महिन्याचाच रिचार्ज मारावा आणि जाण्याआधी कंपनीला कळवून सेवा तात्पुरती थांबवून घ्यावी. ती सोय असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

एक चॅनेल बघायचा आणि त्याच वेळी दुसरा रेकॉर्ड करायचा असेल तर डब्यात दोन ट्यूनर हवेत आणि छत्रीच्या डोक्यापासून दोन वायरी. बसवतानाच सांगा, नंतर पुन्हा छतावर चढायचे पैसे वेगळे. हार्ड डिस्क किती मोठी? एचडी चॅनेल आठ मेगाबिटचा धरला तर तासाला ३.६ जीबी, म्हणजे ५०० जीबीत साधारण १४० तास. एसडीला त्याच्या तिसरा हिस्साही पुरतो, ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह भरपूर झाला.

आणि बसवणारा येईल तेव्हा तुम्ही घरी असा. तो खाली उतरायच्या आधी टीव्हीवर सिग्नलचा पडदा उघडायला लावा आणि 'क्वालिटी'चा आकडा बघा, नुसती 'स्ट्रेंग्थ' नाही. उन्हात जेमतेम चित्र येत असेल तर जूनमध्ये पहिल्या सरीला ते जाणार, कारण हा सिग्नल पावसात विरतो. छत्री जरा हलवून क्वालिटी वाढते का बघायला सांगा. दऱ्याखोऱ्यातलं गाव असेल तर ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री मागा. दुकानदार म्हणेल, कशाला, एवढी लागत नाही. म्हणू द्या.