आयुष्मान कार्ड म्हणजे पात्रता नव्हे

‘आमचं आयुष्मान कार्ड निघालेलं नाही, म्हणजे आम्ही योजनेत बसत नाही.’ सरकारी आरोग्य योजनेचा विषय निघाला की हे वाक्य खेड्यापाड्यांत आणि शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही हमखास ऐकू येतं. ते चुकीचं तर आहेच, पण घातकही आहे. त्यावर विसंबून माणसं अँजिओप्लास्टीसाठी दागिने गहाण टाकतात आणि त्याच उपचाराचा हक्क देणारं रेशनकार्ड घरातल्या कपाटात पडून असतं. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात 1 एप्रिल 2020 पासून एकत्र राबवल्या जातात, आणि दोन्हींचा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते. केंद्राच्या योजनेतली पात्रता प्रामुख्याने यादीवरून ठरते, राज्याच्या योजनेतली रेशनकार्डावरून किंवा रहिवासावरून. कार्ड हा त्या पात्रतेचा पुरावा आहे. ते काढल्याने कुणी पात्र होत नाही आणि न काढल्याने कुणाचा हक्क जात नाही.

हा समज कुठून आला, हे समजण्यासारखं आहे. 2008 साली आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत नावनोंदणी करून स्मार्ट कार्ड घ्यावंच लागे. कार्ड नाही तर लाभ नाही. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेने नेमकी ही अट काढून टाकली. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेतल्या निकषांत बसणारी कुटुंबं कुठलाही अर्ज न करता पात्र ठरली. राज्याच्या योजनेत, म्हणजे 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या योजनेत, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला महत्त्व होतं. पुढे 2023 च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केली, आणि 1 जुलै 2024 पासून त्याप्रमाणे अंमल सुरू झाला. त्यामुळे पांढरं रेशनकार्ड आहे म्हणून आपण बाहेर, ही समजूतही आता टाकून द्यावी. रेशनकार्ड नसेल तर अधिवासाचा दाखला चालतो.

यावर लोक विचारतात, मग रुग्णालयात कार्ड का मागतात आणि सरकार कार्डांची शिबिरं का भरवतं? कारण ओळख आधीच पटलेली असली की दाखल होताना वेळ वाचतो. म्हणून कार्ड जरूर काढावं, ते मोफत आहे. पण योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो आणि ओळख पटवणं हे त्याचंच काम आहे. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे गेलं की तो संगणकावर पडताळणी करतो. जीव धोक्यात असेल तर फोनवरून पूर्वसूचना देऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. ‘कार्ड करून आणा, मग बघू’ असं म्हणून काउंटरवरून परत पाठवणं नियमात बसत नाही. पैसे घेऊन ‘नाव घालून देतो’ म्हणणारे एजंट तर सरळ फसवणूक करतात. यादीत नाव घालणं त्यांच्या हातात नसतंच. खरा अपवाद 70 वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या ज्येष्ठांच्या वय वंदना कार्डाचा. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या या लाभाला उत्पन्नाची अट नाही, पण आधारवरून नोंदणी मात्र करावीच लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दोन योजना जोडल्या म्हणून विम्याच्या रकमांची बेरीज होत नाही. मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचीच. पूर्वी केंद्राच्या यादीतल्या कुटुंबासाठी पहिले दीड लाख विमा कंपनी भरत असे आणि त्यापुढचे पाच लाखांपर्यंत सोसायटी, तेव्हाही साडेसहा लाख होत नव्हते. जुना मधुमेह किंवा हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर मर्यादा नाही. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी आणि रोजच्या गोळ्या यात येत नाहीत. योजनेत नसलेल्या रुग्णालयात भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. परराज्यात उपचार घेण्याची सोय केंद्राच्या योजनेतल्या लाभार्थ्यांनाच आहे. फक्त राज्याच्या योजनेत बसणाऱ्या कुटुंबाने हैदराबाद किंवा बंगळुरूला जाण्याआधी हे नक्की विचारावं.

कार्डाच्या रांगेत उभं राहण्याआधी एक काम करा. रेशनकार्डाचा 12 अंकी क्रमांक ऑनलाइन झाला आहे का, घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे का, सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून काढून सासरच्या कार्डावर चढलं आहे का आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, हे पाहा. आरोग्यमित्राच्या संगणकावर पडताळणी अडते ती बहुधा इथेच, आणि ही दुरुस्ती तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत होते. रुग्णालयाने टाळाटाळ केली तर तिथूनच 155388 किंवा 1800 233 2200 वर फोन करून तक्रार नोंदवा. केंद्राच्या योजनेसाठी 14555 हा क्रमांक आहे.