ऐंशी वर्षांची वाट आणि चार उपसर्ग

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९८९ सालची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे. पाने २१,७२८. वजन साठ किलोंच्या वर, म्हणजे एका मोठ्या माणसाइतके. नोंदी २,९१,५००. हा सगळा मजकूर एकट्या माणसाने संगणकावर टंकित करायचा म्हटला, तर १२० वर्षे लागली असती आणि तपासायला आणखी ६०. आता पाचवीतल्या, दहा वर्षांच्या मुलीने ठरवले की यातल्या रोज १० नोंदी पाठ करायच्या. दिवाळीची सुट्टी नाही, मे महिना नाही, तापाने अंथरूण धरले तरी खाडा नाही. शेवटच्या नोंदीपाशी ती पोचेल तेव्हा तिला नव्वदावे वर्ष लागलेले असेल.

तरीही ‘रोज दहा शब्द पाठ कर’ हेच आपण मुलांना सांगत असतो. वही आखायची, डावीकडे स्पेलिंग, उजवीकडे अर्थ. प्रत्येक शब्द सुटा, शेजारच्या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. इथेच आपण मुलांवर अन्याय करतो, असे मला मनापासून वाटते.

त्याच १९८९ साली व्हाइट, सोवेल आणि यानागिहारा या तीन अमेरिकी अभ्यासकांनी एक साधी मोजणी प्रसिद्ध केली. शाळकरी मुलांच्या वाचनातले सुमारे ५० लाख शब्द मोजून १९७१ साली एक वारंवारता-कोश निघाला होता. त्यातले उपसर्ग लागलेले शब्द त्यांनी वेगळे काढले. ते भरले २,९५९. मग कुठला उपसर्ग किती वेळा येतो ते पाहिले. अनहॅपीमधला ‘अन’ ७८२ शब्दांत. रीराइटमधला ‘री’ ४०१ शब्दांत. नकाराचा ‘इन’ आणि त्याची ‘इम’, ‘इल’, ‘इर’ ही रूपे ३१३ शब्दांत. डिसअग्रीमधला ‘डिस’ २१६ शब्दांत. बेरीज १,७१२. म्हणजे शंभरातले ५८ शब्द केवळ चार उपसर्गांनी व्यापले! ओव्हर, मिस, सब, प्री, इंटर असे आणखी सोळा घेतले की आकडा २,८५९ वर जातो, शंभरातले ९७. इंग्रजीतल्या उरलेल्या झाडून सगळ्या उपसर्गांच्या वाट्याला राहतात फक्त १०० शब्द. आणि हे वीस उपसर्ग पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूवर लिहून होतात.

मराठी मुलाला तर यातले बरेचसे आधीच येत असते. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार: मूळ धातू एकच, ‘हृ’, आणि पुढचे अक्षर बदलले की अर्थ कुठल्या कुठे जातो. संस्कृतात असे उपसर्ग २२, आणि धातू सुमारे दोन हजार. एकेका धातूला एकेक उपसर्ग लावत गेलो, तर जोड्या होतात ४४ हजार. सगळ्या वापरात नाहीत हे खरे, पण यंत्र किती मोठे आहे ते कळते. ‘उपसर्ग’ या शब्दालाही ‘उप’ हा उपसर्ग लागलेला आहे, जसा ‘प्रीफिक्स’ला ‘प्री’.

नाते याहूनही जवळचे आहे. इंग्रजीचा ‘अन’, लॅटिनचा ‘इन’ आणि आपल्या अनंत, अनादर, अनुचितमधला ‘अन्’ ही एकाच मुळाची भावंडे. इंटरनॅशनलचा ‘इंटर’ आणि आंतरराष्ट्रीयमागचा ‘अंतर्’ हेही तसेच. संधीचे नियमसुद्धा ओळखीचे निघतात. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. पुढच्या ‘ल’ने मागच्या ‘त्’ला आपल्यासारखे करून घेतले. लीगलच्या आधी आलेल्या ‘इन’चे हेच होते, म्हणून इल्लीगलच्या स्पेलिंगमध्ये दोन एल. रेग्युलरच्या आधी तो ‘इर’ होतो, म्हणून दोन आर. डिसअपॉइंटमध्ये एस एक की दोन, यावर मुले हमखास अडखळतात. डिस अधिक अपॉइंट अशी फोड केली की एकच एस आहे हे डोळ्यांना दिसते. पाठांतर लागतच नाही.

जपायचे कुठे, तेही सांगायला हवे. अंकलमध्ये ‘अन’ उपसर्ग नाही, आणि रीचमध्ये ‘री’ नाही. त्याच मोजणीत ‘आत’ या अर्थाचा ‘इन’ आणखी १०५ शब्दांत सापडतो, तिथे नकाराचा संबंध नसतो. महामार्गावरच्या पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. त्यातला ‘इन’ नकाराचा समजलात तर अर्थ थेट उलटा होईल. ते द्रव्य क्षणात पेट घेणारे आहे. या घोटाळ्यापायीच अमेरिकेत ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला गेला.

मिनेसोटा विद्यापीठाचे जेम्स ब्राउन यांनी याच्याही पुढे जाऊन १४ शब्दांची एक यादी केली. त्या १४ शब्दांत २० उपसर्ग आणि १४ मुळे बसवलेली आहेत. त्यांच्या हिशेबाने साध्या कोशातले १४ हजारांहून अधिक आणि मोठ्या कोशातले सुमारे एक लाख शब्द या तुकड्यांपासून उलगडतात. हा दावा मला जरा सढळ वाटतो. ट्रान्समिट, परमिट, कमिट यांत ‘पाठवणे’ या अर्थाचे एकच मूळ आहे, पण ते ठाऊक असल्याने कमिटचा आजचा अर्थ आपोआप कळत नाही. शब्द वाचनात भेटावाच लागतो. मात्र त्याचे अर्धे तोंड ओळखीचे असले, तर तो लक्षात राहतो.

आपल्या शाळांत उपसर्ग मराठीच्या तासाला शिकवतात आणि प्रीफिक्स इंग्रजीच्या तासाला. शिक्षकांना एकच विनंती आहे: उद्या फळ्यावर उल्लेख आणि इल्लीगल हे दोन शब्द शेजारीशेजारी लिहा, आणि दोघांची फोड मुलांना करू द्या.