बिनतारी दिव्यांची कसोटी

लॉनवरचं लग्न असो की मैदानातली मैफल, लाइटवाल्यांना एक अनुभव हमखास येतो. दुपारी मैदान मोकळं असताना कन्सोलवर बोट ठेवलं की प्रत्येक दिवा इमानेइतबारे हलतो. रात्री पाहुण्यांनी मांडव भरला की तेच दिवे अडखळू लागतात. एखादा मध्येच लुकलुकतो, एखादा लाल रंगावर अडून बसतो. दिवे आणि कन्सोल दोन्ही ठणठणीत असतात; घोळ त्यांच्या मधल्या हवेत झालेला असतो.

या दिव्यांना हुकूम मिळतात ते डीएमएक्स ५१२ या पद्धतीने. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्र संस्थेने १९८६ मध्ये ती ठरवली. एका केबलमधून ५१२ चॅनेल जातात आणि प्रत्येक चॅनेलवर ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. एलईडी पारला चार-पाच चॅनेल पुरतात, मूव्हिंग हेडला पंधरा-वीस सहज लागतात. सगळे ५१२ चॅनेल वापरात असले तरी आकड्यांची पूर्ण यादी सेकंदाला साधारण ४४ वेळा दिव्यांपर्यंत पोचते.

या पद्धतीत हुकूम एकाच दिशेने जातो. दिवा पोच देत नाही आणि आलेला आकडा बरोबर आहे का हे तपासण्याची सोयही तिच्यात नाही. केबलमध्ये त्यावाचून अडत नाही, कारण पीळ दिलेल्या दोन तारांमधून एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडून वजा होतो. हवेत हे संरक्षण नसतं. म्हणून बिनतारी डीएमएक्सच्या डबीला दुसऱ्या कुठल्या तरी युक्तीने विश्वास कमवावा लागतो.

बहुतेक डब्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, कारण तिथे परवाना लागत नाही. पण वायफाय, ब्लूटूथ आणि कॅटररचा मायक्रोवेव्हही तिथेच नांदतात. हा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्‌झ रुंद आहे आणि वायफायचं एक चॅनेल त्यातले निदान २० व्यापतं. तीन राउटर एकमेकांना न अडवता बसले की पट्टा जवळपास भरला. त्यात पाहुण्यांचे फोन आणि हॉटस्पॉट येतात. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे या लहरी गर्दीत शोषल्या जातात. दुपारच्या चाचणीत यातलं काहीच कळत नाही.

बाजारातल्या सर्वात स्वस्त डब्यांवर एक बटण आणि सात रंग दाखवणारा एलईडी असतो. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच रंगावर आणले की जोडी जमली. लहान हॉलमध्ये एवढ्यावर भागतं. शेजारच्या लॉनवरच्या मंडळींनीही तसलीच डबी त्याच रंगावर लावली, तर मात्र तुमचे दिवे त्यांचंही ऐकू लागतात.

महागड्या यंत्रणा इथे वेगळ्या ठरतात. स्वीडनमधल्या ल्यूमेनरेडिओची सीआरएमएक्स पद्धत आसपासच्या रेडिओ वापराचा अंदाज घेत राहते आणि व्यापलेल्या वारंवारता टाळून उड्या मारते. तिचे रिसीव्हर आधी ट्रान्समीटरशी जोडून घ्यावे लागतात, त्यामुळे शेजाऱ्याचा हुकूम घुसत नाही. स्वीडनमध्येच जन्मलेल्या डब्ल्यू-डीएमएक्सनेही अशाच जुळवून घेणाऱ्या उड्यांचा मार्ग धरला आणि काही मॉडेलांत ५.८ गिगाहर्ट्‌झचा पर्याय दिला. अमेरिकेतल्या सिटी थिएट्रिकलने या उड्यांचा मेळ डीएमएक्सच्या यादीच्या तालाशी घातला, म्हणजे यादी अर्धवट तुटत नाही.

सिटी थिएट्रिकलची मल्टिव्हर्स यंत्रणा ९०० मेगाहर्ट्‌झवरही चालते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा बिनपरवाना आहे. भारतात या भागातल्या वारंवारता मोबाइल कंपन्यांना दिलेल्या आहेत, त्यामुळे परदेशातून कोणी हौसेने असा संच आणला तरी तो इथे चालवण्यासारखा नाही.

डबी कितीही चांगली असली तरी अर्धं काम अँटेनाच्या जागेचं असतं. ट्रान्समीटर कन्सोलच्या टेबलाखाली ठेवला की समोर माणसांची भिंत उभी राहते. तो स्टँडवर चढवून डोक्यांच्या वर न्यावा. अँटेना ट्रसच्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला चिकटवू नये, आणि दोन्हीकडच्या अँटेना उभ्या ठेवाव्यात. वायफायचा राउटर शेजारी नको. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. भरल्या मांडवात त्याचा भरवसा धरू नये. चाचणी घ्यायची तर पाहुणे आल्यावर, त्यांचे फोन चालू असताना घ्यावी.

विलंबही तपासावा. ट्रसवरचे दिवे केबलवर आणि जमिनीवरचे बिनतारी असतील, तर ढोलाच्या ठोक्याला दोन्ही एकदम उजळायला हवेत. काही मिलिसेकंदांचा कायम विलंब डोळ्याला कळत नाही. कमीजास्त होत राहणारा विलंब मात्र खटकतो.

मग बिनतारी घ्यावं कुठे? जिथे केबल टाकणं अडचणीचं किंवा धोक्याचं आहे तिथे: लॉनच्या कडेला ठेवलेले बॅटरीचे अपलाइट, फिरत्या नेपथ्यावरचे दिवे, जुन्या वास्तूची दर्शनी भिंत. ट्रसवर वीज न्यावीच लागते, मग तिच्यासोबत डीएमएक्सची केबल नेण्यात आळस कशाला? आतषबाजी आणि माणसांच्या अंगावर येऊ शकणारं हलतं नेपथ्य यांना तर डीएमएक्सवर ठेवूच नये, मग ते तारेने असो वा बिनतारी. चूक न तपासणारी ही पद्धत धोक्याच्या कामासाठी नाही, असं तिच्या मानकातच म्हटलं आहे.

भाड्याने संच घेताना बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, किती मीटर चालतो. त्याआधी विचारावं, सिग्नल तुटला तर दिवा काय करतो. काही रिसीव्हर शेवटचा आकडा धरून ठेवतात, काही अंधार करतात, काहींमध्ये यातलं काय हवं ते निवडता येतं. वरमाला पडताना स्टेज अंधारात जाण्यापेक्षा मागचाच रंग राहिलेला केव्हाही परवडतो. याचं उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याच दुकानदाराकडून संच घ्यावा.