लाईट गेल्यावर खताचं काय होतं?

सोलापूर जिल्ह्यात शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. डाळिंबाच्या झाडाला हे वेळापत्रक ठाऊक नसतं. बहार धरला की त्याला पाणी आणि विद्राव्य खत थोडं थोडं, पण नेमानं लागतं. या दोघांचा मेळ घालायचं काम विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमधली जोडणी करते. वाळूचा फिल्टर, जाळीचा फिल्टर, चार-सहा कॉक, खताचा ड्रम, व्हेंच्युरी, आणि आता काही बागांत एक छोटा डोसिंग पंप व मोबाईलवरून चालणारा कंट्रोलर. विकणारा माणूस या जोडणीला काय काय करता येतं ते हौसेनं सांगतो. मला उत्सुकता असते ती वेगळी: ही बंद पडते तेव्हा नेमकी कुठल्या अवस्थेत बंद पडते?

हा प्रश्न सोलापुरात विचारायला कारण आहे. जेमतेम पावसाचा, चुनखडीच्या जमिनींचा हा जिल्हा ठिबकाच्या आधारानं डाळिंबाचा जिल्हा झाला. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 साली इथंच, पुणे रस्त्यावर केगावला उभं राहिलं. 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या बहुतेक बागा भगवा या वाणाच्या. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला 625 ग्रॅम नत्र, 250 ग्रॅम स्फुरद आणि 250 ग्रॅम पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे, आणि त्यातलं बरंचसं आता पाण्यातूनच जातं. पूर्वी खत बुडाशी टाकून माती ओढायची आणि रात्री दारं धरायला जायचं. तिथं चुकायला वाव होता, पण चूक झाडागणिक व्हायची. आता एक कॉक चुकला तर चूक एकरभर होते.

या जोडणीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात साधी वस्तू म्हणजे व्हेंच्युरी. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञानं 1797 साली अरुंद गळ्यातून वाहणाऱ्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गळ्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबानं ड्रममधलं खत ओढलं जातं. हलणारा एकही भाग नाही, वायर नाही. तिची तक्रार सगळे करतात: दाब खाते आणि ओढ एकसारखी ठेवत नाही. व्होल्टेज पडलं, पंप मंदावला, की खतही कमी ओढलं जातं. पण हा दोष नीट पाहिला तर त्यात एक मोठा गुण आहे. पाणी थांबलं की तिची ओढही आपोआप थांबते. ती चुकते ती बहुधा कमीच्या बाजूला, आणि दोन दिवस कमी पडलेलं खत डाळिंब सोसतं. जास्त पडलेलं सोसत नाही. क्षारांनी पांढरी मुळी करपते. नत्र वाढलं की लुसलुशीत कोवळी फूट येते, आणि पावसाळी हवेत तेल्या रोगाला तेच हवं असतं.

तरीही व्हेंच्युरीला एक वाट उघडी राहते, ती मागच्या बाजूची. लाईट गेली, पंप थांबला. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह झिजलेला असेल तर पाइपलाइनमधलं पाणी परत विहिरीत उतरू लागतं आणि मागं पोकळी तयार होते. ड्रमचा कॉक उघडाच असेल, तर खत बागेऐवजी विहिरीच्या दिशेनं ओढलं जातं. वस्तीवरचं प्यायचं पाणी अनेकदा त्याच विहिरीचं असतं. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला याच वाटेनं ॲसिडही सोडतात, हे ध्यानात घेतलं की पंपानंतरच्या एनआरव्हीकडे, म्हणजे पाणी मागं न फिरू देणाऱ्या झडपेकडे, आणि पोकळी मोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हकडे बघायची नजर बदलते. जोडणीच्या खर्चातून काहीतरी गाळायचं ठरलं की पहिल्यांदा गळतात ते हेच दोन नग. फक्त फूटव्हॉल्व्हच्या भरवशावर राहणं मला पटत नाही; विहिरीच्या तळाशी असलेली गोष्ट बिघडल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डोसिंग पंपाची गोष्ट वेगळी. तो अचूक असतो, दाब खात नाही, लिटर मोजून देतो. पण त्याला स्वतःची मोटर असते, आणि घोळ नेमका तिथं आहे. विहिरीवरची मोटर थ्री फेजवर. कंट्रोलर आणि डोसिंग पंप वस्तीच्या सिंगल फेजवर. थ्री फेज गेली तरी अनेक ठिकाणी सिंगल फेज चालूच असते. म्हणजे पाणी थांबलेलं आणि खत चालू. बारीक पंप बंद पाइपमध्ये घट्ट द्रावण ढकलत राहतो. पुन्हा लाईट आली की तो सगळा लोंढा पहिल्या झाडांच्या वाट्याला जातो. परदेशातून आलेल्या माहितीपत्रकात हा प्रसंग सापडणार नाही, कारण लाईटचे दोन वेगळे संसार एकाच शेडमध्ये नांदतात ही आपल्याकडची व्यवस्था आहे.

यावरचा इलाज इलेक्ट्रिशियनला अर्ध्या दिवसाचा. डोसिंग पंपाचा पुरवठा मुख्य मोटरच्या स्टार्टरमधल्या काँटॅक्टरवरून फिरवून घ्यायचा. मोटर सुटली की पंपही सुटला. एवढ्यानं भागत नाही. वैशाखात विहीर तळाला गेली की मोटर फिरते आणि पाणी येत नाही. म्हणून पाइपमध्ये फ्लो स्विच हवा, आणि तोही त्याच साखळीत. मोटर चालू आहे आणि पाणी खरोखर वाहतंय, दोन्हींचा होकार आला तरच खत. खताच्या नळीवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्हही असाच निवडायचा, की वीज नसताना स्प्रिंगनं मिटलेला राहील.

मग उरतो ऑटो. रात्री दोनला लाईट आली तर झोपमोड नको म्हणून स्टार्टरला ऑटो लावतात. एकाच वेळी सगळे पंप उठतात, भार येतो आणि डीपी जळते, म्हणून तो काढा असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय. पण खताच्या बाजूनंही तो घातक आहे. खत सोडण्याची रीत अशी: आधी नुसतं पाणी, मग खत, शेवटी पुन्हा नुसतं पाणी, नळ्या धुऊन निघेपर्यंत. लाईट मधेच गेली आणि आली, तर टायमरला आपण कुठल्या पायरीवर होतो ते आठवायला हवं. न आठवणारा टायमर पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याच प्लॉटला दुसऱ्यांदा खत मिळतं. पाणी ऑटोवर आलं तर येऊ द्यावं, खत मात्र माणसानं बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होऊ नये.

या सगळ्यांहून भरवशाचा उपाय मात्र ड्रममध्येच आहे, आणि त्याला वीज लागत नाही. समजा, एकरात 300 झाडं, प्रत्येकाला 4 लिटरचे 4 ड्रिपर. तासाला 4800 लिटर पाणी. 12:61:00 हे स्फुरदाचं विद्राव्य खत रोज 3 किलो, म्हणजे झाडाला 10 ग्रॅम. तासभराच्या पाण्यात ते लिटरला साधारण 0.6 ग्रॅम पडतं. आठवड्याचं 21 किलो एकदम ड्रममध्ये कालवून ठेवलं आणि सगळं तासाभरात गेलं, तर तेच लिटरला 4.4 ग्रॅम होतं. ड्रममध्ये आजचंच खत असेल तर यंत्र कितीही बिघडलं तरी आजच्यापेक्षा जास्त देऊ शकत नाही.

प्रवाळांची काचेची टाकी पाळणारे परदेशी हौशी लोकही याच निष्कर्षाला आले आहेत. त्यांच्या टाकीला कॅल्शियम आणि सोड्याचं द्रावण थेंबाथेंबानं द्यावं लागतं. रिले चिकटून सगळी बाटली एकदम रिकामी झाली तर पाणी दुधासारखं पांढरं होऊन जीव दगावतात, म्हणून जाणकार बाटलीच लहान ठेवतात आणि पंप मुद्दाम संथ निवडतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, तेव्हा हा नाद घरी करायचा प्रश्न नाही. पण ते दोन द्रावणं वेगळी का ठेवतात हे डाळिंबवाल्याला सांगावं लागणार नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 एका ड्रममध्ये कालवलं की साका बसतो, आणि तो साका ड्रिपरच्या तोंडाशी जाऊन अडकतो. सोलापूरच्या जड पाण्यात तर स्फुरदाला कॅल्शियमचा साथीदार आधीच हजर असतो.

एक गुंता यातून सुटत नाही. खत थांबलेलं चालतं, पण फळ पक्व होत असताना पाणी थांबलेलं चालत नाही. चार दिवस कोरडे गेले आणि मग एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं. म्हणजे एकाच शेडमधल्या दोन वस्तूंना बिघाडाच्या वेळी उलट वागायचंय: शंका आली तर खत बंद, शंका आली तरी पाणी चालू. दोन्ही एकाच कंट्रोलरच्या एकाच प्रोग्रामवर टाकणारे इथंच फसतात. पाण्याचे व्हॉल्व्ह हातानंही उघडता आले पाहिजेत, ड्रमचा कॉक बंद करून.

हे सगळं बसवलेलं आहे की नुसतं बिलात आहे, ते कळायला एकच रीत आहे. बहार धरण्याआधी ड्रममध्ये खताऐवजी रंगाचं पाणी भरायचं, जोडणी सुरू करायची आणि ऐन मधल्या पायरीवर थ्री फेजचा मेन स्विच पाडायचा. मग विहिरीत रंग उतरतो का, डोसिंग पंपाचा आवाज चालू राहतो का, स्विच परत वर केल्यावर खत आपोआप सुरू होतं का, हे उभं राहून बघायचं. दिवसाची पाळी असलेल्या आठवड्यात केलं तर बरं, रात्री रंग दिसत नाही.