वर्सोव्याचे गवई आणि लघुग्रह ३००१२८

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस वर्सोव्याकडे जाणारा रस्ता आमच्या बहुतेक वाचकांच्या पायाखालचा आहे. त्या वर्सोव्यांत मेवाती घराण्याचे थोर गवई पंडित जसराज राहत असत. त्यांच्या नांवाचा एक लघुग्रह मंगळ व गुरु यांच्या दरम्यान सूर्याभोंवतीं फिरत आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. नुसत्या डोळ्यांनीं तो दिसत नाहीं.

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत माउंट लेमन येथें ११ नोव्हेंबर २००६ रोजीं त्याचा शोध लागला. प्रथम त्यास ‘२००६ व्हीपी ३२’ असें तात्पुरतें नांव मिळालें. तें दिसावयास दुर्बोध, परंतु त्यांत शोधाचा काळ आणि क्रम दोन्ही आहेत. वर्षाचे चोवीस भाग करून प्रत्येकास एक इंग्रजी अक्षर देतात. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पूर्वार्ध. दुसरें अक्षर त्या पंधरवड्यांतील क्रम दाखवितें. त्यासाठीं ‘आय’ गाळून पंचवीस अक्षरें घेतात. तीं संपलीं कीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ करून, पुऱ्या झालेल्या फेऱ्यांचा अंक पुढें लिहितात. येथें बत्तीस फेऱ्यांचे ८००, आणि ‘पी’ हें पंधरावें अक्षर; म्हणजे ही त्या पंधरवड्यांतील ८१५ वी नोंद! मुलांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

वेध जुळून कक्षा निश्चित झाली कीं लघुग्रहास कायमचा क्रमांक मिळतो. ह्यास ३००१२८ हा मिळाला. आतां पंडितजींची जन्मतारीख पाहा: २८ जानेवारी १९३०. ती वर्ष, महिना, दिवस अशी उलट मांडली कीं ३०-०१-२८! क्रमांक ओळीनेंच दिले जातात. तेव्हां तारखेशीं जुळणारा हा लघुग्रह कोणीतरी मुद्दाम हुडकला असावा, असें आम्हांस वाटतें.

नांव सुचविण्याचा पहिला हक्क शोधकर्त्याचा, मान्यता मात्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची. नांव इंग्रजी सोळा अक्षरांच्या आंत, आणि शक्यतों एकाच शब्दाचें असावें. म्हणून ‘पंडितजसराज’ असें सलग. पैसे देऊन तें मिळत नाहीं. ताऱ्यास आपल्या मुलाचें नांव देण्याचीं प्रमाणपत्रें विकणाऱ्यांच्या जाहिराती पालकांच्या दृष्टीस पडतात; त्या कागदांस खगोलशास्त्रांत कांहींएक किंमत नाहीं.

सप्टेंबर २०१९ मध्यें हें नामकरण झालें. पुरतें वर्षहि लोटलें नाहीं तोंच, १७ ऑगस्ट २०२० रोजीं, पंडितजी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें निवर्तले. त्यांचा अंत्यविधि येथेंच, विलेपार्ल्यास झाला.