विश्लेषण : स्लीप अ‍ॅप्नियावरचे ‘सीपॅप’ यंत्र महिन्याभरात कपाटात का जाते? त्याची सवय कशी लावावी?

घरात कुणी मोठ्याने घोरत असेल तर ‘किती गाढ झोप लागली आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात त्या माणसाचा रात्रभर श्वासासाठी झगडा सुरू असू शकतो. ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ हे नाव होते आणि अनेकांनी ते तेव्हा प्रथमच ऐकले. या विकारावर चार दशकांपासून प्रभावी उपचार उपलब्ध आहे. तो म्हणजे झोपताना मास्क लावून वापरायचे ‘सीपॅप’ यंत्र. पण हे यंत्र घरी आले, आठ-पंधरा दिवस वापरले आणि मग खोक्यात घालून ठेवून दिले, असे अनेक घरांत घडते. त्याची कारणे बहुतेकदा छोटी असतात आणि त्यांवर उपायही असतात.

झोपेत श्वास थांबतो म्हणजे नेमके काय होते?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ आणि पडजीभेजवळचा मऊ भाग मागे सरकून श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद होते. छाती आणि पोट हवा ओढण्याचा प्रयत्न करत राहतात, पण हवा आत जात नाही. असा खंड किमान १० सेकंदांचा असेल तर त्याला ‘अ‍ॅप्निया’ म्हणतात. रक्तातील प्राणवायू घसरू लागला की मेंदू क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो, माणूस जोरात श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र घोरणे, मग अचानक शांतता आणि मग गुदमरल्यासारखा आवाज, हा क्रम चांगला ओळखीचा असतो.

तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा फारच कमी झाला, यावरून ‘एएचआय’ हा आकडा काढतात. प्रौढांमध्ये तो ५ पेक्षा कमी असणे सामान्य मानले जाते. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० व त्याहून अधिक म्हणजे तीव्र आजार. तीव्र आजारात दर दोन मिनिटांनी किमान एकदा झोप मोडत असते.

हा विकार किती जणांना असतो? कोणती लक्षणे दिसतात?

‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगभरात ३० ते ६९ वयोगटातील ९० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास आहे. लठ्ठपणा, जाड मान, लहान किंवा मागे असलेला जबडा, वाढते वय आणि मद्यपान यांमुळे धोका वाढतो. मात्र सडपातळ माणसालाही जबड्याच्या ठेवणीमुळे हा विकार होऊ शकतो.

मोठ्याने घोरणे हे ठळक लक्षण आहे. त्याशिवाय सकाळी उठल्यावर डोके दुखणे, तोंडाला कोरड पडणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, चिडचिड, विसराळूपणा आणि दिवसा बसल्याजागी डोळा लागणे ही लक्षणेही असतात. स्त्रियांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा आणि नीट झोप न लागणे या तक्रारी पुढे येतात. त्यामुळे त्यांचे निदान अनेकदा राहून जाते. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातील प्रमाण वाढते. औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तरीही स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्यायला हवी. वाहन चालवणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. उपचार न घेतलेल्या चालकांमध्ये अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे.

निदान कसे होते?

झोपेच्या तपासणीसाठी एक रात्र रुग्णालयातील ‘स्लीप लॅब’मध्ये काढावी लागते. मेंदूच्या लहरी, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके आणि प्राणवायूची पातळी यांची रात्रभर नोंद होते. अनेकांच्या बाबतीत छोटे उपकरण घरी नेऊन केलेली तपासणीही पुरते. मोबाइलवरील अ‍ॅप किंवा मनगटी घड्याळ शंका निर्माण करू शकते, पण त्यावरून निदान करता येत नाही. फुप्फुसविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना शक्यतो शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे. रुग्णाला स्वतःला माहीत नसलेली अर्धी माहिती तिच्याकडे असते.

सीपॅप यंत्र काय करते?

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलट्या दिशेने वापरली होती. हवा ओढण्याऐवजी ती सोडायची, एवढीच युक्ती होती. आजची यंत्रे टिफिनच्या डब्याएवढी आणि बरीच शांत असली तरी तत्त्व तेच आहे. खोलीतील हवा गाळून, ठरावीक दाबाने नाकातून घशात सोडली जाते आणि त्या दाबामुळे श्वासाची वाट रात्रभर उघडी राहते. हा दाब सहसा पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. ‘ऑटो’ प्रकारचे यंत्र गरजेनुसार तो स्वतःच कमी-जास्त करते.

करोनाकाळातील आठवणींमुळे अनेकांना मास्क आणि नळी पाहून व्हेंटिलेटर आठवतो. इथे तसे काहीच नाही. श्वास रुग्ण स्वतःच घेतो. यंत्र प्राणवायू देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवते. वीज गेली तर गुदमरायला होईल ही भीतीही अनाठायी आहे. मास्कला हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये यंत्र बंद पडताच उघडणारी झडप असते. बहुतेकांना अशा वेळी जाग येते आणि मास्क काढून ठेवता येतो.

मग यंत्र कपाटात का जाते?

रात्री किमान चार तास यंत्र लावणे म्हणजे ‘वापर’, असे धरले तरी ४६ ते ८३ टक्के रुग्ण तेवढाही वापर करत नाहीत, असे २००८ मधील एका आढाव्यात नोंदवले आहे. यामागे इच्छाशक्तीचा अभाव असतो असे मानणे चुकीचे ठरेल. चुकीच्या मापाचा मास्क, कोरडे नाक, हवेची गळती, कोंडल्यासारखे वाटणे आणि पहिल्या रात्री सगळे जमलेच पाहिजे ही अपेक्षा, ही खरी कारणे असतात. त्यात संकोचाची भर पडते. नवीन लग्न झालेले तरुण, पाहुण्यांनी भरलेले घर, सहलीत एकाच खोलीत झोपणारे मित्र, अशा वेळी ‘आजची रात्र राहू दे’ असे होते. एका रात्रीच्या दोन आणि दोनाच्या दहा रात्री व्हायला वेळ लागत नाही. यंत्र विकणाऱ्याने एकदा लावून दाखवले आणि पुढे कुणी विचारलेच नाही, हेही सर्रास घडते. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांतील पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

पहिल्या आठवड्यांतील अडचणींवर काय करावे?

कोंडल्यासारखे वाटत असेल तर सुरुवात दिवसा करावी. संध्याकाळी टीव्ही पाहताना नुसता मास्क हातात धरून नाकाला लावावा. मग पट्टे बांधून, मग यंत्र सुरू करून दहा-वीस मिनिटे बसावे. दुपारची डुलकी काढतानाही तो लावावा. आठवडाभरात मेंदूची धास्ती कमी होते. यंत्रात ‘रॅम्प’ नावाची सोय असते. तीत दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू वाढतो, त्यामुळे झोप लागेपर्यंत त्रास होत नाही.

हवा गळत असेल तर पट्टे आवळणे हा पहिला उपाय नव्हे. जास्त आवळल्याने नाकावर वळ उठतात आणि गळती बऱ्याचदा वाढते. आडवे होऊन, यंत्र सुरू ठेवून मास्क बसवावा, कारण झोपल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. दाट मिशा किंवा दाढी असेल तर फक्त नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क सोयीचा पडतो. झोपेत तोंड उघडे राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागू शकतो. नाक चोंदत असेल तर आधी त्यावर उपचार घ्यावेत.

नाक-घसा कोरडा पडत असेल तर यंत्राच्या ओलावा देणाऱ्या भांड्याचा वापर करावा. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे. एसीच्या थंड खोलीत नळीत पाणी साचून ते नाकावर ठिबकते. तेव्हा ओलावा कमी करावा आणि यंत्र डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे. पोटात हवा भरून फुगल्यासारखे वाटत असेल तर दाबाची मांडणी बदलता येते, पण ती डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. मास्कचा चेहऱ्याला टेकणारा भाग रोज सौम्य साबणाने धुवावा आणि फिल्टर वेळेवर बदलावा.

किती तास लावले म्हणजे पुरे?

याचे प्रामाणिक उत्तर असे की, जितका वेळ झोपाल तितका वेळ. २००७ मधील एका अभ्यासात दिवसाची पेंग कमी वाटायला साधारण चार तासांचा वापर पुरला, पण रोजचे व्यवहार पूर्ववत व्हायला साडेसात तासांपर्यंत वापर लागला. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत स्नायू सर्वाधिक सैल पडतात आणि श्वासाचे खंड अनेकदा वाढतात. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी यंत्र बाजूला असते.

यंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या घटना सीपॅपमुळे कमी झालेल्या दिसल्या नाहीत. पेंग, घोरणे, मनःस्थिती आणि जगण्याचा दर्जा मात्र सुधारला. त्या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री केवळ ३.३ तास होता, हेही विसरता येत नाही.

वीज, जागा, प्रवास आणि खर्चाचे काय?

वीज जाणाऱ्या भागात यंत्र इन्व्हर्टरवर चालवता येते. मात्र आपला इन्व्हर्टर चालेल का आणि ओलावा देणारे भांडे बंद ठेवून बॅटरी किती तास टिकेल, हे विक्रेत्याकडून आधीच समजून घ्यावे. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांनी यंत्र गादीवर किंवा चादरीखाली ठेवू नये, कारण हवा आत घेण्याची जागा झाकली जाते. सपाट, कोरडी फरशी किंवा पाट चालतो. अशा वेळी ओलाव्याची पातळी कमी ठेवली तर नळीतले पाणी मास्ककडे येत नाही. विमानप्रवासात यंत्र सामानात न टाकता सोबत ठेवावे. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल आवर्जून सांगावे आणि यंत्र रुग्णालयात न्यावे.

यंत्राचा खर्च हजारोंच्या घरात जातो आणि अनेक आरोग्यविमा पॉलिसींमध्ये घरी वापरायचे उपकरण धरलेले नसते. त्यामुळे खरेदीपूर्वी लेखी विचारणा करावी. अनेक ठिकाणी यंत्र भाड्याने मिळते. महिनाभर भाड्याने वापरून, दोन-तीन मास्क लावून पाहून मग खरेदी करणे शहाणपणाचे.

हे यंत्र आयुष्यभर लावावे लागते का?

चष्म्याने जसा डोळ्यांचा नंबर जात नाही, तसा सीपॅपने हा विकार मुळापासून जात नाही. लावले त्या रात्री फायदा, न लावले त्या रात्री त्रास. वजन घटले तर आजाराची तीव्रता कमी होते आणि काहींचे यंत्र सुटतेही, पण ते पुन्हा तपासणी करूनच ठरवावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. सौम्य ते मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण, कुशीवर झोपणे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हेही पर्याय आहेत. मद्य आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र टाळायलाच हव्यात.

यंत्राच्या पडद्यावर किंवा अ‍ॅपवर रोज तीन आकडे दिसतात : किती तास वापर झाला, किती गळती झाली आणि यंत्र लावूनही ‘एएचआय’ किती राहिला. हे आकडे घेऊन पहिल्या महिन्यात डॉक्टरांकडे किमान एकदा जावे. आणि ज्यांनी यंत्र आधीच कपाटात ठेवले आहे, त्यांनी ते बाहेर काढून नवा मास्क आणि नवा फिल्टर घ्यावा व पुन्हा डॉक्टरांना भेटावे. मागच्या वेळी जमले नाही, याचा अर्थ आपल्याला ते जमणारच नाही असा होत नाही. बहुतेकदा मास्क तेवढा चुकलेला असतो.