कंदिलाची काच आणि मोटारीचा दिवा

आमच्या बालपणी दिवेलागणीच्या आधी घरातील मुलांना एक काम ठरलेले असे. कंदिलांच्या काचा उतरवावयाच्या, चुलीतील चाळलेल्या राखेने त्या हलक्या हाताने घासावयाच्या आणि जुन्या धोतराच्या फडक्याने लख्ख पुसून पुन्हा चढवावयाच्या. हे काम कोणाही मुलास आवडत नसे. हात काळे होत आणि काच फुटली तर बोलणी बसत. परंतु काच न पुसता वात कितीही वर चढविली तरी उजेड वाढत नाही, उलट काजळी मात्र दुप्पट धरते, हा पदार्थविज्ञानाचा पहिला धडा आम्ही शाळेची पायरी चढण्यापूर्वीच शिकलो. पुढे सारा जन्म मुलांना शिकविण्यात घालविल्यावर तोच धडा स्वतःच्या मोटारीच्या दिव्यापाशी आम्हास पुन्हा गिरवावा लागला. आणि त्याची फी मात्र भलत्याच गृहस्थास भरावी लागली. ज्या ज्या घरापुढे आज आठ-दहा वर्षांची मोटार उभी आहे, त्या त्या घरी असा प्रसंग येण्याचा संभव असल्यामुळे ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे गाव तिरोडा. १९९९ साली भंडाऱ्यापासून निराळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. येथील औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच असून त्यांची एकंदर शक्ती ३३०० मेगावॅट आहे. परंतु दिव्याखाली अंधार म्हणतात तशी येथील गत आहे. गाव मागे टाकून थोडे पुढे गेले की रस्त्याच्या दुतर्फा धानाच्या बांध्या, मधूनमधून एखादी बोडी किंवा तलाव, आणि रात्री सर्वत्र काळोख. मार्गशीर्ष-पौषात त्या काळोखावर धुक्याचे पांघरूण पडते. याच रस्त्याने अवजड मालमोटारी धावतात आणि याच रस्त्याच्या कडेने मजूर सायकली रेटीत घरी परततात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात थोरल्या बंधूंना (घरात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात) डोळ्यांच्या तपासणीकरिता गोंदियास नेले होते. परतताना रात्र झाली. मोटार पुतण्या चालवीत होता. त्याच्या शेजारी आम्ही आणि मागे अण्णा व वहिनी. मोटार बारा वर्षांची. यंत्र उत्तम, परंतु पुढच्या दिव्यांच्या काचा पिकल्या पानासारख्या पिवळ्या पडलेल्या. एका वळणावर आमच्या तोंडून एकदम "अरे, माणूस!" असे शब्द निघाले. पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. पुढे अवघ्या पाच-सहा हातांवर एक मजूर सायकलीवर पोते लादून पायी चालला होता. त्याच्या सायकलीस मागे तांबडी काच नव्हती हे खरे. परंतु आमच्या दिव्यांच्या उजेडात तो दिसावयास हवा होता, हेही तितकेच खरे.

घरी येताच पुतण्या म्हणाला, "काका, बल्बच बदलून टाकू. पांढरा एलईडी बसविला की रात्रीचा दिवस होईल." आम्ही रुकार दिला. दोन दिवसांत बल्ब आले, बसले, आणि समोरच्या भिंतीवर असा लखलखाट झाला की घरातील मुलांनी टाळ्या पिटल्या. काच न पुसता वात चढविली गेली, हे त्या वेळी एकाही शहाण्याच्या ध्यानात आले नाही, आमच्याही नाही.

त्यानंतर पंधरा दिवस गेले असतील. रात्री आठाच्या सुमारास समोरून दुचाकीवर येणारे एक गृहस्थ आमच्या मोटारीजवळ येता येता डगमगले आणि रस्ता सोडून थेट खालच्या बांधीत गेले. आम्ही धावलो. धानाची कापणी होऊन बांधी कोरडी पडली होती म्हणून प्राणावरचे मनगटावर निभावले. हाड मात्र मोडले. विजेरीचा उजेड चेहऱ्यावर पडताच ओळख पटली. तो आमचाच जुना विद्यार्थी; आज पन्नाशीचा आणि एका राइसमिलमध्ये कारकून. हात पोटाशी धरून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही होय? मला नुसती पांढरी भिंत दिसली हो. रस्ता कुठे संपतो तेच कळेना." त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. वर्गात चूक केली की आम्ही या मुलास बाकावर उभा करीत असू. त्या रात्री बाकावर उभे राहण्याची पाळी आमची होती. औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला. परंतु महिना-दीड महिना त्याचा उजवा हात गळ्यात अडकून राहिला, त्याची भरपाई कशाने होणार?

कालिदासास 'दीपशिखा' हे बिरुद ज्या उपमेमुळे मिळाले, ती रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात आहे. राजकन्या ज्या राजास ओलांडून पुढे गेली, त्याची मुद्रा रात्री राजमार्गावरून ज्योत पुढे सरकल्यावर मागे राहिलेल्या वाड्यासारखी काळवंडली, असा तिचा भाव. ही उपमा आम्ही वर्षानुवर्षे शिकविली. परंतु उजेड निघून गेल्यावर मागे उरणाऱ्या अंधाराचा विचार त्या रात्रीपर्यंत आमच्या मनात कधी आला नव्हता. डोळ्यास काळोखाची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोताने ती क्षणात मोडते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे दोनच सेकंद डोळे दिपले तर चालक तेहतीस मीटर आंधळा चालतो. वयपरत्वे डोळ्यातील भिंग धूसर होते व आलेला प्रकाश आतल्या आत विखुरतो. यास्तव आमच्या वयाच्या माणसांना हा त्रास अधिकच होतो.

आता मूळ दोषाकडे वळू. जुन्या मोटारींच्या दिव्यांची काच ही खरोखरीची काच असे. ती फुटे, पण पिवळी पडत नसे. आजची 'काच' पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांनी व त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी हा पदार्थ स्वतंत्रपणे सिद्ध केला. तो वजनास हलका, दगड लागला तरी सहसा न फुटणारा आणि हव्या त्या आकारात ओतता येणारा असल्यामुळे १९८० नंतरच्या काळात दिव्यांवर त्याचे राज्य झाले. परंतु उन्हातील अतिनील किरणांपुढे तो टिकत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर पारदर्शक संरक्षक लेप चढवितात. धूळ, ऊन, खडी आणि कोरड्या फडक्याने पुसणे यांमुळे काही वर्षांत हा लेप झिजतो. मग खालचे प्लास्टिक पिवळे पडते व त्यावर बारीक भेगा धरतात. अशी काच प्रकाश अडविते, इतकेच नव्हे तर जो बाहेर सोडते तोही भलतीकडे विखुरते. रस्त्यास हवा तो उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. अमेरिकेतील ए.ए.ए. या मोटारधारकांच्या संस्थेने २०१८ साली केलेल्या परीक्षेत अशा खराब दिव्यांचा उजेड नव्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकाच भरला.

याचा उपाय घरच्या घरी होतो. आमच्या घरी तो एका रविवारी झाला, तो येणेप्रमाणे.

प्रथम दिवा साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा आणि भोवतालच्या रंगावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावावेत. नंतर पाण्यात भिजविलेला ८०० नंबरचा पॉलिशपेपर घेऊन, पाण्याची धार धरीत, काच एकाच दिशेने घासावी. प्रथम पिवळसर गढूळ पाणी निघते; तो जुना लेप व खराब झालेला थर होय. पाणी पांढरे येऊ लागले की १००० नंबरचा कागद घेऊन आडव्या दिशेने घासावे, पुढे १५००, २००० आणि शेवटी ३०००. प्रत्येक वेळी दिशा बदलल्याने आधीचे ओरखडे गेले किंवा नाहीत हे कळते. या टप्प्यावर काच दुधासारखी धूसर दिसते. वाचकांनी घाबरून जाऊ नये. मग रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन घासले की ती नितळ होते.

येथेच बहुतेकांचे काम थांबते आणि तेथेच चूक होते. जुना लेप आपण स्वहस्ते काढला आहे. नवा न चढविल्यास थोड्याच महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. दंतमंजनाच्या पेस्टने घासण्याचा जो उपाय पुष्कळजण सांगतात, तो याच कारणाने अल्पायुषी ठरतो. म्हणून काच पूर्ण कोरडी करून तीवर अतिनील किरणे अडविणारा पारदर्शक क्लिअरकोट पातळ थरांनी मारावा व वाळेपर्यंत धूळ बसू देऊ नये. हार्डनर मिसळलेल्या लेपाची वाफ फुफ्फुसास घातक असते. तो काम करणाऱ्याने योग्य मुखवटा लावून उघड्यावरच मारावा आणि मुलांना दूर ठेवावे. आतल्या बाजूस ओल किंवा काजळी असेल, तर मात्र या सर्व खटाटोपाचा उपयोग नाही. तो दिवा बदलणेच बरे.

त्यानंतर आम्ही ते पांढरे बल्ब काढून मूळचे हॅलोजन बल्ब बसविले. त्यांतील एच-४ जातीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक ६० वॅटची अपरकरिता व दुसरी ५५ वॅटची डिपरकरिता. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते; तिच्यामुळे उजेडाची वरची कड कापली जाते. मागचा आरसा या तारांच्या नेमक्या जागेचा हिशेब करून घडविलेला असतो. तेथे भलत्या आकाराचा दुसरा दीप बसविला की तो हिशेब चुकतो आणि उजेड चौफेर उधळतो. एलईडी वाईट, असे आमचे म्हणणे नाही; ज्या दिव्याची घडणच एलईडीकरिता झाली आहे त्यात तो उत्तम चालतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था मोटारींचे दिवे तपासते, ते नेमलेल्या बल्बासह. आपण आतला बल्ब बदलला की त्या तपासणीस अर्थ उरत नाही. नवा हॅलोजन बल्ब बसविताना त्याच्या काचेस बोट लावू नये. बोटाचे तेल तापून बल्ब लवकर जातो.

शेवटचे काम रोख जुळविण्याचे. सपाट जागी, चाकांत योग्य हवा भरून व चालकाच्या जागी माणूस बसवून, मोटार भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढली. डिपरच्या उजेडाची सपाट कड या खालच्या रेघेवर येईपर्यंत दिव्यामागील स्क्रू फिरविला. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डाव्या बाजूस ही कड किंचित वर चढते. रस्त्याच्या कडेचा पादचारी व सायकलवाला त्याच उजेडात दिसतो.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो की, दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे जवळजवळ दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची. नियम वाचताना आम्हास बांधीत पडलेला तो विद्यार्थीच डोळ्यांपुढे दिसला.

घासलेला दिवा नव्याची बरोबरी करीत नाही, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर सांगितलेल्या परीक्षेत दुरुस्त केलेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या सुमारे सत्तर टक्के भरला, आणि नव्यापेक्षा काहीशी अधिक तिरीपही त्यांत आढळली. ज्यांना शक्य असेल त्यांनी मूळ बनावटीचा नवा दिवा घ्यावा. परंतु पाचव्या हिश्शावरून सत्तर टक्क्यांवर येणे ही काही थोडी प्राप्ती नव्हे.

हाताचे प्लास्टर निघाल्यावर तो विद्यार्थी आम्हास भेटावयास आला. दिवेलागण झाली होती. पुतण्याने त्यास विनंती करून आपली मोटार अंगणात उभी केली, आणि आठ मीटर मोजून समोर त्यास त्याच्याच दुचाकीवर बसविले. डिपर लावला. तो क्षणभर पाहत राहिला व म्हणाला, "गुरुजी, आता तुमची गाडीही दिसते आणि माझा रस्ताही दिसतो."

संस्कृतात देहलीदीप नावाचा एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घराच्या आत व बाहेर, दोहीकडे उजेड पाडतो. मोटारीचा दिवा या जातीचा असला पाहिजे. आपल्यास दिसावे एवढ्याचसाठी जो लाविला, तो अर्धाच दिवा होय. आता आमच्या घरी दर शनिवारी सायंकाळी दिव्यांच्या काचा ओल्या फडक्याने पुसण्याचे काम मुलांकडे आहे. तेही त्यांना आवडत नाही. परंतु आम्ही ते माफ केलेले नाही.